भाचीची नवी कंपासपेटी, तीन महिने वापरल्यानंतर

माझी भाची सातवीत आहे. तिच्या वहीत एका त्रिकोणाचे तीन कोन मोजून लिहिले होते: ६४, ५७ आणि ५९ अंश. शेवटचा आकडा खोडून लिहिलेला होता आणि त्याखाली अंधुक ६२ दिसत होते. विचारलं तर म्हणाली, "मावशी, बेरीज १८० यायलाच हवी ना, म्हणून तीन कमी केले." मी तीस वर्षं टूलरूममध्ये मापं तपासली आहेत. ते खोडलेलं ६२ बघून मला फार वाईट वाटलं, कारण पोरीने मोजलं अगदी बरोबर होतं. चुकला होता तो तिचा जुना कोनमापक.

त्याची मधली खूण छापताना जेमतेम एक मिलिमीटर सरकली होती. कोनमापकाची त्रिज्या साडेचार सेंटिमीटर. तेवढ्या त्रिज्येला एक मिलिमीटरचा सरक म्हणजे ६० अंशांच्या आसपासच्या कोनात एक अंशाहून थोडा जास्त फरक. तिन्ही कोन तिने एकाच बाजूने मोजले, त्यामुळे प्रत्येकात एकेक अंश वाढला आणि बेरीज १८३ झाली. हा दोष पकडायला कुठलंही यंत्र लागत नाही. एकच कोन आधी आतल्या अंकांवर मोजायचा, मग कोनमापक सरकवून कोनाची दुसरी भुजा पायारेषेवर, म्हणजे शून्याच्या रेषेवर, घ्यायची आणि बाहेरच्या अंकांवर मोजायचा. जुन्यावर एकदा ६४ आले, एकदा ६२. खरा कोन ६३ चा.

म्हणून नवी पेटी आणली आणि भाचीच्या हाती देण्याआधी ती पूर्ण तपासली. कोनमापक दोन्ही बाजूंनी सारखं माप दाखवतो. रेघा बारीक आहेत आणि प्लॅस्टिक इतकं स्वच्छ आहे की खालची पेन्सिलची रेष ठळक दिसते. पायारेषा कडेपासून चार मिलिमीटर वर आहे. मुलं कडच रेषेवर ठेवतात आणि तिथेच फसतात, तेवढं एकदा दाखवून द्यावं लागतं. मग ६, ८ आणि १० सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण काढला. बाजूंचे वर्ग घेतले तर ३६ आणि ६४ मिळून १००, तेव्हा १० च्या समोरचा कोन काटकोनच असणार. कोनमापकाने तो ९० दाखवला. अर्धवर्तुळाकार असल्यामुळे प्रविशाल कोन, म्हणजे १८० अंशांहून मोठा, मात्र थेट मोजता येत नाही, ३६० मधून वजा करून काढावा लागतो.

पेटीतली सर्वांत चांगली वस्तू कंपास. बिजागरीला स्क्रू आहे, तो आवळला की पाय जागचे हलत नाहीत. ५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं आणि तेच अंतर परिघावर सहा वेळा टाकलं. सहावी खूण पहिल्या बिंदूवर येऊन बसली. ढिल्या कंपासने ती कधीच बसत नाही. सहापैकी एक आड एक बिंदू जोडले की समभुज त्रिकोण मिळतो, आणि शेजारचे दोन बिंदू केंद्राला जोडले की कोनमापकाला हात न लावता ६० अंश. त्याचा दुभाजक काढला की ३०, पुन्हा दुभागला की १५. भाची तिथे थांबली आणि म्हणाली, मग ६० चे तीन सारखे भाग करून २० काढू या. ते फक्त कंपास आणि खुणा नसलेल्या पट्टीने होत नाही, हे व्हँत्झेल या फ्रेंच गणितीने १८३७ मध्ये सिद्ध केलं. मी तिला ते लगेच सांगितलं नाही. दोन दिवस तिने प्रयत्न केले, आणि त्या दोन दिवसांत कोनदुभाजक तिच्या हातात पक्का बसला.

खरी मजा आली ती ८ सेंटिमीटरची बाजू, तिच्या एका टोकाला ३० अंश आणि दुसऱ्या टोकापासून ५ सेंटिमीटरचा कंस, या रचनेत. कंस समोरच्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो आणि दोन वेगवेगळे त्रिकोण तयार होतात. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन दिला की त्रिकोण एकच. कोन मधला नसला की अशी गंमत होऊ शकते. ढिल्या कंपासने हे छेद इकडेतिकडे गेले असते आणि पोरीला वाटलं असतं आपलंच काहीतरी चुकलं.

गुण्यांबद्दल तक्रार आहे. काटकोन तपासायला पट्टीला गुण्या टेकवून उभी रेष काढली, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. ४५ च्या गुण्याच्या दोन्ही रेषा जुळल्या. ३०–६० च्या गुण्याच्या रेषांत १० सेंटिमीटर वर अर्धा मिलिमीटर फट पडली. उलटल्यावर फरक दुप्पट दिसतो, म्हणजे खरी चूक पाव मिलिमीटरची. शाळेच्या कामाला चालेल, मी मात्र नापास केला असता. शिवाय दोन्ही गुण्ये आखूड आहेत. दोन्ही जोडून ७५ आणि १०५ अंश काढताना बोटांना जागा उरत नाही.

पट्टी ठीक. डिव्हायडरची टोकं फार अणकुचीदार आहेत, लहान भावंडं घरात असतील तर तो वेगळा ठेवा. कंपासच्या कडीत पूर्ण लांबीची पेन्सिल घातली की तो कलतो, तेव्हा वापरून अर्धी झालेली एक पेन्सिल कंपाससाठी राखून ठेवा, आणि टोक सुईच्या बरोबरीने लावा.

परवा भाचीची वही पुन्हा पाहिली. एका त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १७९.५ लिहिली होती, खाडाखोड नव्हती, आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, "रेष जाड आली, पुन्हा मोजणे."