पित्ताच्या कॅप्सूलमध्ये माझे 13,950 रुपये गेले

पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, टाके सुकले. पण तेलकट खाल्लं की जुलाब. आमच्या यावल-रावेर पट्ट्यात चंपाषष्ठीनंतर मळ्यामळ्यात बामणोदच्या वांग्यांचं भरीत होतं, आणि मी चारचौघांत ताटावरून उठून पळतोय. मोबाईलवर ‘पित्ताशय काढलं? पित्त बाहेरून द्या’ ही जाहिरात दिसली आणि पटली. पिशवीच नाही तर पित्त येणार कुठून? कुणालाही हेच वाटलं असतं.

पहिली बाटली 1,850, पार्सल आल्यावर रोख. आठवड्यात दोनाचे सहा जुलाब झाले. फोन केला तर स्वतःला डॉक्टर म्हणवणारी बाई म्हणाली, “दादा, साचलेली घाण निघतेय. आता थांबलात तर यकृतात खडे होतील.” तिथंच फोन ठेवायला हवा होता! औषधानं त्रास तिपटीनं वाढला हे दिसत होतं. तिनं डिस्चार्ज कार्डसुद्धा मागितलं नाही, फक्त वजन विचारलं. पण पुन्हा ऑपरेशनच्या भीतीनं मी कोर्सचे 9,600 आणि ‘परत मिळणारी’ तपासणी फी 2,500 पाठवली. दोन बाटल्या आल्या, मग नंबर बंद.

शेवटी सर्जनकडे गेलो. पित्त यकृतातच तयार होतं, पिशवी ते साठवते. पिशवी गेली की पित्त सतत आतड्यात उतरतं, काहींना त्यानंच जुलाब होतात. मी वरून आणखी पित्त ढकलत होतो! त्यांनी पित्त बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनची पावडर दिली, तेव्हा आराम पडला. लाज सोडा, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरलाच आधी विचारा.

भाचीनं बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचलं: ऑक्स बाईल. बैलाचं पित्त, आणि वर हिरवा ठिपका! मी वीस वर्षांचा माळकरी, मुक्ताईच्या यात्रेला जाणारा. पैशांपेक्षा हे जास्त लागलं. परवान्याचे आकडेही 11. अन्नपरवान्याचा नंबर 14 आकडी असतो. मोजून घ्या.

ठाण्यात म्हणाले, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?” एका टेबलावर ‘हे औषध नाही, अन्न आहे’, दुसऱ्यावर ‘हे अन्न नाही, औषध आहे’. केळीची कापणी सोडून चार चकरा मारल्या, अर्जाची पोचही दिली नाही. वर एक साहेब म्हणतो, शिकलेले दिसता, मग कसे फसलात? चोराला एक प्रश्न नाही, सगळे मलाच! पैसे गेल्या-गेल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा, मी नवव्या दिवशी केला.

त्या दोन बाटल्या सील न तोडता ठेवल्यात. तुमच्याकडे असतील तर फेकू नका, पार्सलवरच्या पावतीसकट जपा.