१९७६ च्या टी२ वेस्टफालियाचं वायरिंग बदलून १६ महिने: काय टिकलं, काय पुन्हा करावं लागलं

गाडी फोक्सवॅगन टी२ व्हॅन, वेस्टफालिया कंपनीची कॅम्पर (आत राहण्याची सोय असलेली) बांधणी, दोन लिटरचं इंजिन, ५५ अँपिअरचा अल्टरनेटर. वापर दक्षिण जर्मनीत, दोन हिवाळे धरून.

आधी मत सांगतो: पुढून मागे जाणारा मूळ लूम (तारांचा एकत्र बांधलेला जुडगा) उपसून काढायची घाई करू नका. फॅक्टरीच्या तारांचं पीव्हीसी बहुतेक ठिकाणी अजून वाकतं, तडकत नाही. खराब झालेले असतात ते सांधे, आणि मधल्या मालकांनी रेडिओ, पंप, दिवे यांसाठी जिथून जमेल तिथून ओढलेल्या जोडतारा. आम्ही गाडी चालवण्यासाठी लागणारा लूम ठेवला, सांधे बदलले. राहण्याच्या भागातलं वायरिंग मात्र सगळं काढून नवं घातलं. १६ महिन्यांनंतरही हा निर्णय बरोबर वाटतो.

तपासणी मल्टिमीटरच्या ओहमवर करू नका. वीस काड्यांपैकी एकच काडी शाबूत असली तरी मीटर शून्य ओहम दाखवतो, आणि लोड पडला की तीच तार तापते. दिवा चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप (तारेत आणि सांध्यांत वाया जाणारे व्होल्ट) मोजा: मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं हेडलाइटच्या ५६बी (लो बीमच्या) टर्मिनलला. आमचं रीडिंग १.६ व्होल्ट होतं, आणि बल्बच्या तपकिरी (अर्थिंगच्या) तारेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत आणखी ०.४. म्हणजे १२.६ पैकी बल्बला १०.६. प्रकाश साधारण व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने घटतो, त्यामुळे उजेड जेमतेम ५५ टक्के उरतो. बल्ब बदलून, काच पुसून यात काही फरक पडत नाही.

त्या १.६ पैकी ०.७ व्होल्ट एकट्या फ्यूजच्या क्लिपमध्ये पडत होता. चिनीमातीचे ते जुने फ्यूज (पांढरा ८ अँपिअर, लाल १६) फक्त टोकांवर टेकतात. पितळी क्लिपची स्प्रिंग उष्णतेने ढिली पडते, ऑक्साइड चढतं, त्यामुळे ती आणखी तापते. फ्यूज उडत नाही, पण आजूबाजूचं प्लास्टिक वितळलेलं दिसतं. तापून रंग उतरलेली क्लिप वाकवून घट्ट केली तरी काही महिन्यांत पुन्हा ढिली होते, डबाच बदलावा. शाबूत क्लिप फायबर ब्रशने घासून तांब्याच्या पट्टीचे नवे फ्यूज घाला, ॲल्युमिनियमच्या पट्टीचे नकोत. हाय आणि लो बीमला वेगवेगळे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) दिले, बॅटरीकडून फ्यूजसह चारची (म्हणजे चार चौरस मिलिमीटरची; पुढेही तारांची मापं अशीच) नवी तार पुढे आणली, रिलेपासून बल्बपर्यंत अडीचची. ड्रॉप ०.४ वर आला. परवा पुन्हा मोजला तेव्हा ०.४५ होता.

इंजिन गरम असताना चावी फिरवल्यावर नुसता 'टक्' आवाज येत असेल, तर स्टार्टर बदलण्याआधी ५० नंबरची तार, म्हणजे चावीकडून स्टार्टरच्या सोलेनॉइडला (स्टार्टर जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचला) जाणारी तार, मोजा. करंट बॅटरीतून पुढे चावीपर्यंत आणि तिथून परत मागे सोलेनॉइडपर्यंत येतो, म्हणजे धरून चला दहा मीटर. चारच्या तारेत ३० अँपिअरला एवढ्या लांबीत १.३ व्होल्ट जातात, आणि त्यात चावीच्या मागचे झिजलेले संपर्क वेगळे. मागे स्टार्टरजवळ ४० अँपिअरचा रिले बसवला: जुनी ५० ची तार फक्त रिलेची कॉइल चालवते, सोलेनॉइडला करंट शेजारच्या ३० नंबरच्या (थेट बॅटरीच्या प्लसच्या) बोल्टवरून मिळतो. भर उन्हाळ्यात एकदाही अडलं नाही. त्याच वेळी गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची विणलेली पट्टीही बदला. ती गंजली की स्टार्टरचा करंट क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल भाजतात. इंजिन फिरवत असताना बॅटरीचा मायनस ते इंजिन ०.३ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका.

राहण्याच्या भागासाठी एफएलआरवाय-बी जातीची (गाड्यांसाठीची), १०५ अंश सोसणारी तार घेतली: दीडची ३० मीटर, अडीचची २०, फ्रिजसाठी सहाची १२, दोन बॅटऱ्यांमध्ये सोळाची २ मीटर. फ्रिजवर कंजुषी अजिबात नको. गॅस-विजेवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज १२ व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर घेतो. पाच मीटर जाऊन आणि तेवढंच परत येऊन दीडच्या तारेत ०.८ व्होल्ट जातात, सहाच्या तारेत ०.२. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणून दीडवर फ्रिज तेरा टक्के कमी जोराने चालतो आणि दोष मात्र फ्रिजला लागतो. सोळाच्या तारेला दोन्ही टोकांना ६० अँपिअरचा फ्यूज हवा, कारण करंटचा स्रोत दोन्ही बाजूंना आहे.

आता जे पुन्हा करावं लागलं ते. दुसऱ्या बॅटरीचा रिले आधी अल्टरनेटरच्या ६१ वरून (चार्जिंगच्या दिव्याच्या टर्मिनलवरून) चालवला होता. रिलेची कॉइल चार्जिंगच्या दिव्यातून येणाऱ्या सुरुवातीच्या करंटचा वाटा खाते, त्यामुळे अल्टरनेटर जास्त आरपीएमला गेल्याशिवाय चार्जिंग सुरू करत नव्हता. त्याऐवजी १३.३ व्होल्टला जोडणारा आणि १२.८ ला सोडणारा व्होल्टेज-संवेदी रिले बसवला, तक्रार संपली. फ्रिजच्या स्वस्त रिले-सॉकेटचं एक टर्मिनल सहा महिन्यांत तपकिरी झालं. पिन सैल होती. मागच्या दिव्यांचे लाल-निळे प्लास्टिकचे लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचे जोड) साध्या चिमट्याने दाबले होते, त्यातले तीन हाताने ओढल्यावर निघाले. सगळे उघड्या पाकळ्यांचे ६.३ मिमी स्पेड लग रॅचेट क्रिंपरने पुन्हा केले, वर गोंदवाली हीट श्रिंक घातली. त्यातला एकही हललेला नाही. सोल्डर मात्र टाळा: सोल्डर संपतं तिथे तार कडक होते आणि कंपनाने बरोबर तिथेच तुटते. इंजिनच्या खोलीत साधी पीव्हीसी टेप एका उन्हाळ्यात चिकट होऊन घसरली, तिथे कापडी टेपच हवी. पत्र्यातून तार जाते तिथले रबर ग्रोमेटही कडक झालेले असतात, ते न बदलता नवी तार ओढू नका.

२३० व्होल्टची बाजू: बाहेर निळं सीईई (कॅम्पिंगच्या वीजजोडणीचं) सॉकेट, आत दोन पोलचा १६ अँपिअर ब्रेकर आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच), अर्थिंग पत्र्याला जोडलेलं. मागच्या मालकाने घरातली एकसंध काडीची तार वापरली होती. भिंतीत ती वर्षानुवर्षं टिकते, चालत्या गाडीत स्क्रूखाली तुटते. आता बारीक काड्यांची अडीचची तार आहे, टोकांना क्रिंप केलेल्या नळ्या. सगळी उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) १ मेगाओहमच्या वर रीडिंग आल्याशिवाय कॅम्पिंगच्या खांबाला जोडू नका. १६ महिन्यांनी ब्रेकरचे स्क्रू तपासले, त्यातले दोन स्क्रू पाव-पाव फेरा फिरले.