चोवीस गिअरची हायब्रीड सायकल, चौदा महिन्यांनंतर: चढावर घसरणाऱ्या गिअरांची हकिकत

पुण्यात धनकवडी ते शिवाजीनगर हा रोजचा प्रवास आणि रविवारी कात्रजचा जुना घाट, या दोन कामांसाठी मी गेल्या वर्षी जानेवारीत चोवीस गिअरची एक हायब्रीड सायकल घेतली. पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांच्या तीन चक्र्या, मागे ११ पासून ३२ दात्यांपर्यंतच्या आठ चक्र्यांची कॅसेट, ७०० बाय ३५चे टायर आणि केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, असा हा मधल्या किमतीतला साधा प्रकार आहे. चौदा महिन्यांत मीटरवर ४,२०० किलोमीटर झाले आहेत. सायकलीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या त्रासाविषयी लिहिणार आहे तो गिअरच्या कोणत्याही सायकलीला होऊ शकतो आणि माझ्या बाबतीत त्यातला मोठा वाटा माझाच होता.

बाकीच्या गोष्टी दोन वाक्यांत संपतात. फ्रेम दणकट आहे, टायर आतापर्यंत तीनदाच पंक्चर झाले, ब्रेकचे पॅड पावसाळ्यानंतर एकदा बदलावे लागले आणि मूळची सीट मला पहिल्याच महिन्यात काढून टाकावी लागली. लिहिण्यासारखे जे आहे ते गिअरबद्दल आहे.

‘चढावर गिअर घसरतात’ ही एकच तक्रार मी चौदा महिन्यांत चार वेळा घेऊन दुकानात गेलो आणि चारही वेळा कारण वेगळे निघाले. ही गोष्ट लक्षात यायलाच मला बराच काळ लागला, कारण सायकलवर बसलेल्या माणसाला चारही वेळा जाणवते ते जवळजवळ सारखेच: पायाखालचे पॅडल अचानक हलके होते, खटकन आवाज येतो आणि शरीर पुढे फेकले जाते.

सपाट रस्त्यावर निमूटपणे चालणारी सायकल घाटातच का दगा देते, याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. माझे वजन ७० किलो आहे आणि क्रँकची, म्हणजे पॅडलच्या दांड्याची, लांबी १७० मिलिमीटर. क्रँक आडवा असताना मी पॅडलवर पूर्ण उभा राहिलो आणि चेन पुढच्या २८ दात्यांच्या चक्रीवर असली, तर त्या चक्रीची त्रिज्या जेमतेम ५७ मिलिमीटर असल्यामुळे चेनवर सुमारे २१० किलोचा ताण येतो. तोच जोर ४८ दात्यांच्या चक्रीवर लावला तर ताण सुमारे १२० किलो भरतो. म्हणजे चढ सोपा व्हावा म्हणून आपण जी लहान चक्री निवडतो तीच चेनला सर्वांत जास्त ओढते, आणि चेन, केबल किंवा दाते यांपैकी जे काही किंचित कमजोर असेल ते नेमके तिथेच उघडे पडते. सायकल स्टँडवर लावून हाताने पॅडल फिरवून ‘गिअर बरोबर पडत आहेत’ असे सांगणाऱ्या मेकॅनिकला हा ताण कधीच दिसत नाही.

पहिला प्रकार तिसऱ्या महिन्यात झाला आणि तो सर्वांत निरुपद्रवी होता. जुन्या बोगद्याच्या अलीकडच्या वळणांवर चेन मागच्या २८च्या चक्रीवरून आपणहून शेजारच्या २४वर उतरत असे आणि पुन्हा वर चढण्याचा प्रयत्न करत कटकट वाजत राही. नव्या सायकलीत केबलच्या बाहेरच्या आवरणाची, म्हणजे आउटरची, टोके आपापल्या जागी दबून बसतात आणि केबल किंचित सैल पडते. चेनला एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या डिरेलरजवळ केबल जिथे आत शिरते तिथला बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमीजास्त करणारा स्क्रू, अर्धा फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला आणि काम झाले. स्क्रू सैल केल्यासारखा फिरवायचा आणि केबल मात्र घट्ट होते, हे पचायला मला थोडा वेळ लागला.

दुसरा प्रकार सप्टेंबरातला. या वेळी खोड उलट दिशेची होती. चेन मोठ्या चक्रीवर लगेच चढे, परंतु लहान चक्रीवर उतरायला तयार नसे. दोन-तीन फेरे अधांतरी फिरून मग एकदम जोर आला की धाडकन उतरे. डिरेलरची रचना समजून घेतली तर हा फरक बोलका आहे. मोठ्या चक्रीकडे त्याला केबल ओढते, लहान चक्रीकडे त्याची स्वतःची स्प्रिंग नेते. चेन मोठ्या चक्रीवर टिकत नसेल तर बहुधा केबल सैल आहे; लहान चक्रीवर उतरत नसेल तर केबल कुठेतरी अडकते आहे आणि स्प्रिंगला तिच्याशी झगडावे लागते आहे. चार महिन्यांच्या पावसाने डिरेलरमागच्या आउटरच्या वळशात पाणी आणि चिखल साठून आतली तार गंजली होती. तार बाहेर काढली तेव्हा बोटभर लांबीचा तुकडा विटकरी रंगाचा झालेला होता. तार आणि आउटर दोन्ही बदलण्याचे साडेतीनशे रुपये पडले.

तिसऱ्या प्रकाराने मात्र मला हैराण केले, कारण तो ओळखला गेला नाही. दिवाळीच्या सुमारास सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणाच्या तरी धक्क्याने सायकल उजव्या बाजूला पडली. वरून काही दिसत नव्हते, पण त्यानंतर लहान चक्र्यांवर गिअर नीट लावले की मोठ्या बिघडत आणि मोठ्या नीट लावल्या की लहान वाजू लागत. ज्या दुकानात मी तोपर्यंत जात होतो तिथे ॲडजस्टर फिरवला गेला, मग डिरेलर कुठवर सरकेल ते ठरवणारा लिमिट स्क्रू आवळला गेला आणि सायकल माझ्या हाती आली. ३२ची चक्री त्यानंतर लागतच नव्हती, कारण लिमिट स्क्रूने डिरेलरला तिथवर जाऊच दिले नव्हते. मी भाबडेपणाने दोन रविवार बोपदेव घाट २८वर चढलो आणि गुडघे दुखले तेव्हा माझ्या वयाला दोष दिला.

शेवटी घराजवळच्या एका जुन्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मागे उभे राहून एका डोळ्याने पाहिले आणि म्हणाले, “साहेब, कान वाकलाय.” डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसतो तो हँगर त्यांच्या भाषेत ‘कान’ आहे. फ्रेम वाचावी म्हणून हा भाग मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. पडल्यावर तो वाकतो आणि डिरेलर चाकाकडे कलतो. काकांनी डिरेलर काढून त्याच्या जागी एक लांब दांड्याचे मोजमापाचे साधन बसवले आणि रिमपर्यंतचे अंतर वर, खाली, पुढे, मागे असे चार ठिकाणी पाहिले. खालच्या बाजूला ते जवळजवळ बोटभर कमी भरले. दांड्यानेच कान हळूहळू सरळ केला, मग लिमिट स्क्रू नव्याने लावला. तो पूर्वीसारखा सैल केला असता आणि कान वाकलेलाच राहिला असता, तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये डिरेलर स्पोकमध्ये अडकला असता, हे त्यांनी नंतर सहज सांगितले. चढावर हलका गिअर टाकताना चाकातून स्पोकला घासल्याचा आवाज आला तर तिथेच थांबावे.

आता चौथा प्रकार, ज्याच्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसलो. जानेवारीत मीटर ३,६००च्या आसपास असताना कात्रजच्या चढावर पॅडलवर उभा राहिलो की पाय अचानक रिकामा जाऊ लागला. एकदा नडगी पॅडलवर अशी आपटली की आठवडाभर निळी खूण राहिली. मी पुन्हा कान, केबल, ॲडजस्टर तपासले. सगळे ठीक होते. त्या दिवशी भाचा मागून त्याच्या सायकलवर येत होता. त्याने चारपाच उड्या पाहिल्या आणि ओरडून सांगितले, “मामा, चेन शेजारच्या चक्रीवर जातच नाहीये. आहे त्याच चक्रीवर दात्यांवरून उडतेय.”

निदानाच्या दृष्टीने या एका वाक्याची किंमत मी दुकानांत घालवलेल्या सगळ्या वेळेपेक्षा जास्त आहे. चेन एका चक्रीवरून दुसरीवर जात असेल तर दोष केबल, कान किंवा ॲडजस्टरमध्ये शोधावा. चेन त्याच चक्रीवर राहून दाता ओलांडत असेल तर ॲडजस्टरला हातही लावू नये, कारण ती झीज आहे. आणि चेन व कॅसेट दोन्ही व्यवस्थित फिरूनही चाकाला जोर पोचत नसेल, तर दोष हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आतल्या खिट्ट्यांमध्ये असतो. हबचा हा अनुभव मला आलेला नाही. स्वतःला मागे वळून पाहता येत नाही आणि घाटात तसा प्रयत्नही करू नये, म्हणून मागून येणाऱ्या कोणाला तरी बघायला सांगणे हाच उत्तम उपाय.

काकांनी पोलादी पट्टी चेनवर धरली. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, त्यामुळे एका पिनेवर शून्य धरले की चोविसाव्या कडीनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. माझी पिन जवळजवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढे गेली होती. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि कडी घासून जवळपास ०.१३ मिलिमीटर झीज होते आणि चोवीस सांध्यांची मिळून ती सुतभर भरते. आठ चक्र्यांच्या कॅसेटसाठी अर्ध्या सुतापलीकडे गेली की चेन बदलायला घ्यावी. मी त्याच्या दुप्पट झिजवली होती.

एवढ्या लवकर ती का झिजली, याचेही उत्तर माझ्याकडेच होते. पावसाळाभर मी ओळखीच्या गॅरेजमधून आणलेले इंजिनचे ऑइल चेनवर सढळ हाताने घालत होतो आणि पुसत नव्हतो. रस्त्याची बारीक वाळू त्यात मिसळून काळा लेप तयार झाला होता. हा लेप चेनसाठी वंगण कमी आणि पॉलिश पेपर जास्त होता.

इथे माझ्याकडून शेवटची चूक झाली. काका म्हणाले, “चेनबरोबर कॅसेटपण घ्या, नाहीतर परत याल.” चेन सातशेची, कॅसेट चौदाशेची. मी फक्त चेन बदलायला सांगितले आणि पुढच्या रविवारी सायकल आधीपेक्षा वाईट उड्या मारू लागली. कारण सरळ आहे. जुनी चेन आणि जुने दाते एकमेकांबरोबर झिजलेले असतात, म्हणून त्यांचे कसेबसे जमते. नव्या चेनचे अंतर अचूक असते आणि झिजून एका बाजूला कललेल्या दात्यांवर तिचे रोलर बसण्याऐवजी वर चढतात. उड्या फक्त १८ आणि २१ दात्यांच्या चक्र्यांवर होत्या, ज्या मी घाटात सर्वांत जास्त वापरतो. ११ आणि ३२ जवळजवळ नव्याच होत्या आणि तिथे नवी चेन घट्ट बसत होती. मी काकांकडे परत गेलो. ते काही बोलले नाहीत, कॅसेट आधीच काढून ठेवली होती. वेळेवर, म्हणजे अर्ध्या सुताला, सातशे खर्च केले असते तर चौदाशे वाचले असते, एवढा हिशेब मी घरी येताना केला.

नवी कॅसेट बसल्यावर उड्या थांबल्या, पण पुढच्या २८च्या चक्रीवर पॅडलच्या दर चार फेऱ्यांनी एक हलकी टिचकी ऐकू येत राहिली. माझी चेन ११२ कड्यांची आहे. २८ दात्यांवर ती बरोबर चार फेऱ्यांत स्वतःभोवती पूर्ण फिरते. म्हणजे दोष चक्रीत नव्हता, चेनच्याच एका कडीत होता. पॅडल उलटे फिरवत पाहिले तेव्हा डिरेलरमधून जाताना एक सांधा ताठ राहून बाहेर डोकावत होता. तो दोन्ही हातांत धरून आडवा हलका वाकवला आणि टिचकी गेली.

गेल्या सहाशे किलोमीटरमध्ये एकदाही चेन घसरलेली नाही. आता दर पंधरा दिवसांनी चेन डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसतो, प्रत्येक सांध्यावर चेनच्या तेलाचा एकच थेंब सोडतो आणि रात्रभराने बाहेरचे तेल पुसून काढतो. महिन्यातून एकदा पट्टी लावतो. कालपर्यंत पिन १२ इंचांच्या रेघेवरच होती. सायकल निवडताना चुकलो असे मला वाटत नाही. पुढे २८ आणि मागे ३२चा गिअर असल्यामुळे गोळेवाडीपासून सिंहगड मी न उतरता चढू शकतो, आणि या किमतीत ते पुष्कळ आहे. पुढची ३८ची चक्री मात्र जुन्या चेनबरोबर थोडी झिजलेली आहे. ती अजून घसरत नाही, पण भर ओझ्यावर तिच्यातून घरघर येते, म्हणून पुढची चेन घेईन तेव्हा तीही बदलायला काकांना आताच सांगून ठेवले आहे.