डोंगर, समुद्र की द्राक्षमळे? नागपुराहून जाऊन राहिलेले तीन रिसॉर्ट

गेल्या दीड वर्षात आम्ही उभयतांनी तीन रिसॉर्टमध्ये मुक्काम केला: ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला, डिसेंबरात तारकर्लीला आणि मे महिन्यात नाशिक परिसरात एका वायनरीला लागून असलेल्या ठिकाणी. तिन्हीकडच्या खोल्या फोटोत दाखवल्या होत्या तशाच निघाल्या, त्यामुळे गाद्या, टॉवेल आणि न्याहारीतील पदार्थांची संख्या यांवर जागा खर्च करत नाही. मुक्काम साधला की फसला, हे ज्या दोन गोष्टींवर ठरले त्या आरक्षण करताना आम्हाला कोणी विचारल्या नाहीत आणि आम्हीही कोणाला विचारल्या नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे नागपुराहून लागणारा वेळ आणि दुसरी म्हणजे महिना.

सर्वांत महाग आणि सर्वांत फसलेला मुक्काम नाशिकचा. नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकला होता, समृद्धी महामार्गामुळे नाशिक एका दिवसाच्या टप्प्यात आले होते आणि ‘द्राक्षमळ्याकडे तोंड असलेली खोली’ हे शब्द मोहात पाडणारे होते. सकाळी पडदा सारला तर समोर तारांच्या मांडवाखाली छाटलेल्या वेलींचे बुंधे आणि त्यांवर नुकती फुटलेली पालवी एवढेच दिसले. मळ्यात काम करणाऱ्या एका गृहस्थांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “काका, एप्रिलात खरड छाटणी झाली. आता पावसाळ्यानंतर गोडी छाटणी होईल, मग घड धरतील. द्राक्षं बघायची तर जानेवारी-फेब्रुवारीत यायचं.” युरोपात वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणपणे सप्टेंबरच्या सुमारास होते, तर आपल्याकडे ती हिवाळ्याच्या अखेरीस, जानेवारी ते मार्चदरम्यान होते, कारण पावसाळ्यात पिकलेला घड वेलीवर टिकणार नाही. ही माहिती रिसॉर्टच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला होती. आरक्षणाच्या वेळी मात्र ती कोणी सांगितली नाही आणि ‘मळ्याच्या दृश्याचे’ जादा पैसे पूर्ण घेतले गेले, ही माझी या ठिकाणाबद्दलची मुख्य तक्रार आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की वाइन बनते कशी हे पाहण्याला महिन्याचे बंधन नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गंगापूर धरणाजवळच्या, १९९९ साली स्थापन झालेल्या सुलाच्या वायनरीत गेलो. आम्ही राहिलो ते ठिकाण वेगळे. तिथे पोलादी टाक्या, ओकची पिंपे आणि शेवटी चाखण्याचा कार्यक्रम असा फेरफटका होतो. लाल वाइनला रंग सालीमुळे येतो आणि पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून आधीच वेगळा करतात, हे पन्नाशी उलटल्यावर कळले. शनां ब्लां नावाची पांढरी वाइन मला आवडली. पत्नीने एक घोट घेतला आणि तिला सोलकढीची आठवण आली. विक्रेत्याने सहा बाटल्यांचे खोके पुढे केले, तेव्हा तिनेच विचारले, “वर्ध्यातून नेणार कसे?” सेवाग्रामच्या या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि समृद्धी महामार्ग नागपूर गाठण्यापूर्वी त्याच जिल्ह्यातून येतो. खोके तिथेच राहिले.

तारकर्लीचा अनुभव याच्या अगदी उलट. नागपूर-मडगाव गाडीने दुपारी निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळला उतरलो. जाण्यायेण्यात दोन दिवस गेले, पण मुक्कामाचे चारही दिवस कारणी लागले. रिसॉर्ट साधे होते. चादरी खाऱ्या हवेने किंचित दमट लागत आणि गरम पाणी सकाळी दोनच तास येई. पण ताटातला बांगडा त्याच सकाळचा असे. सावजीच्या तिखटाला सरावलेल्या आमच्या जिभेला मालवणी आमटी सुरुवातीला सौम्य वाटली, आणि तिसऱ्या दिवशी तीच हवीशी झाली. होडीने सिंधुदुर्गावर गेलो. १६६४ साली बांधकाम सुरू झालेल्या या जलदुर्गात, चारी बाजूंनी खारे पाणी असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. शाळेत वाचलेली ही गोष्ट प्रत्यक्ष पाणी चाखल्यावरच खरी वाटते. पावसाळ्यात मात्र तिकडे जाण्याचा विचार करू नये: किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि जून-जुलैत मासेमारीवरही बंदी असते. पाच-सहा दिवसांची सलग रजा नसेल, तर नागपूरकराने किनाऱ्याचा हट्ट सोडावा.

राहता राहिला डोंगर. अमरावती, परतवाडा आणि मग घाट, असे पाचेक तासांत चिखलदरा येते. सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या या गावात आम्हाला दोन दिवस धुक्याशिवाय फारसे काही दिसले नाही. देवी पॉइंटवर दरी असल्याचे फक्त पाण्याच्या आवाजावरून कळत होते, आणि गाविलगडाच्या दरवाजातून परत फिरावे लागले. तरीही घरी येताना दोघांपैकी कोणाचीही तक्रार नव्हती. रिसॉर्टमधले जेवण कुठल्याही हॉटेलात मिळते तेच, लाल रश्शातले पनीर. बाहेर टपरीवर मात्र गवळ्यांच्या दुधाची दाट रबडी मिळाली. महाराष्ट्रात कॉफीचे मळे असलेले ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचे नाव घेतले जाते, पण आमच्या खोलीत ठेवलेली कॉफी पुडीतली झटपट कॉफी होती, हे मला खटकले. शनिवार-रविवारी घाटात गाड्या अडकून पडतात. आम्ही मंगळवारी गेलो म्हणून सुटलो आणि खोलीही स्वस्त मिळाली.

पचमढीबद्दल अनेक जण विचारतात. नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना साहेब लोक उन्हाळ्यात तिथेच जात, आणि मे महिन्यासाठी आजही मी तीच निवड करीन. फक्त नागपंचमीच्या आसपास टाळावे, कारण नागद्वारच्या यात्रेला विदर्भातून एवढी माणसे जातात, की खोली मिळणे दुरापास्त होते.

येत्या फेब्रुवारीत नाशिकला पुन्हा जायचे ठरले आहे, या वेळी रेल्वेने. आरक्षणाआधी फोन करून तोडणी कोणत्या आठवड्यात चालू असेल, एवढेच विचारले आणि मगच पैसे भरले. गाडी परत येताना वर्ध्यावरूनच येते, म्हणून खोके याही वेळी तिथेच राहील.