हिवाळी ‘पंच’ची तयार पेटी: तीन संध्याकाळींचा अनुभव

नागपुरात डिसेंबरच्या मध्यावर रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की जेवणाआधी काहीतरी गरम हातात असावे असे वाटू लागते, आणि दर वेळी तो चहाच असावा असे नाही. या वर्षी त्याच सुमारास चहा, संत्रे आणि रम यांचे ‘पंच’ नावाचे गरम पेय घरी करण्यासाठीची एक तयार पेटी मी ऑनलाइन मागवली. किंमत 749 रुपये. आत चहा व मसाला भरलेल्या सहा मलमलच्या पुरचुंड्या, वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्यांची एक पुडी, संत्र्याच्या पाकाची लहान बाटली आणि कृतीचे पत्रक होते. रम आपली आपण आणायची. विक्रेता लहान आहे आणि अशाच घडणीच्या पेट्या या मोसमात आणखी तीन-चार ठिकाणी मला दिसल्या, म्हणून नाव देत नाही. पुढे लिहिलेले दोष-गुण थोड्याफार फरकाने या सगळ्या प्रकारालाच लागू पडतील असे वाटते.

पेटीत मद्य नसल्यामुळे ती कोणालाही घरपोच मिळते, हे ठीक. मात्र महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी अधिनियमानुसार मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी आजही परवाना लागतो आणि रम-व्हिस्कीसारख्या मद्यासाठी वयाची अट 25 वर्षांची आहे, याची एक ओळ पत्रकावर असायला हरकत नव्हती. त्या जागी पत्रकाने इतिहास सांगितला आहे, आणि तिथेच माझा पहिला आक्षेप आहे. ‘प्राचीन आयुर्वेदिक पाच घटकांचे पेय’ असे त्यात छापले आहे. पाच घटक खरे, भारत खरा, आयुर्वेद मात्र विक्रीसाठी चिकटवलेला. ‘पंच’ हा इंग्रजी शब्द 1632 सालच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात आढळतो. 1638 मध्ये सुरतेला आलेल्या मँडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तिथल्या इंग्रजांचे मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे पेय नोंदवून ठेवले आहे. कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याने तर 1670 च्या दशकातल्या आपल्या प्रवासाच्या वर्णनात गोव्याजवळच्या नेरुळच्या उत्तम अर्काचा, म्हणजे गाळलेल्या मद्याचा, उल्लेख केला आहे आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून ‘पंच’ करतात, हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच, असे स्पष्ट लिहिले आहे. हे त्याचे पुस्तक 1698 मध्ये लंडनला छापले गेले. गरम पाणी, साखर आणि व्हिस्की यांच्या ज्या पेयाला स्कॉटलंडमध्ये ‘टॉडी’ म्हणतात, तो शब्दही आपल्या ताडीवरूनच गेलेला आहे. इतकी चांगली आणि खरी कथा हाताशी असताना विक्रेत्याला ऋषिमुनींना वेठीस धरण्याची गरज का पडावी, हे कळत नाही.

मद्य, आंबट, गोड, पाणी आणि मसाला किंवा चहा, ही त्या पाचांची रूढ मांडणी. पेटीचे मोजमाप मी याच पाचांवर केले.

पहिल्या संध्याकाळी पत्रकाबरहुकूम वागलो. 300 मिलिलिटर पाण्यात एक पुरचुंडी व तीन चकत्या टाकून दहा मिनिटे उकळायचे, त्यात दोन चमचे पाक घालायचा, शेवटी 60 मिलिलिटर रम ओतून आणखी एक मिनिट उकळी द्यायची, अशी कृती होती. स्वयंपाकघरात वास अतिशय सुरेख सुटला. शेजारच्या खोलीतून आईने ‘काय शिजवतोस रे?’ म्हणून विचारले. पण तो दरवळ म्हणजे पेल्यात राहायला हवे होते ते सगळे हवेत गेल्याची खूण होती, हे पहिला घोट घेतल्यावर समजले. अल्कोहोल 78 अंश सेल्सिअसला उकळते. रम उकळत्या भांड्यात घातली की सगळे अल्कोहोल उडत नाही, पण तिचा गंध आधी निघून जातो आणि मागे उरतो तो एक जळकट गोडवा. मी ओल्ड मंक वापरली होती, जिच्या व्हॅनिलासारख्या गंधासाठी लोक 1954 पासून तिच्यावर जीव टाकत आले आहेत. त्या गंधाचा मागमूसही पेल्यात नव्हता. चहा दहा मिनिटे उकळल्याने इतका तुरट झाला होता की कच्चे आवळे खाल्ल्यावर होतात तसे दात आंबून गेले. दूध घातलेल्या आपल्या रोजच्या चहात ही तुरटी दुधातली प्रथिने झाकून टाकतात. इथे दूध नाही, त्यामुळे ती थेट जिभेवर येते. दुधाच्या चहाची सवय असलेल्या माणसाने ही कृती लिहिली असावी असा मला दाट संशय आहे.

आता चकत्यांविषयी, कारण पेटीची जाहिरात मुख्यतः त्यांच्यावरच उभी आहे. काचेच्या पेल्यात त्या दिसतात फार देखण्या. वाळलेली असताना चकती पारदर्शक, नारिंगी, मंदिराच्या रंगीत काचेसारखी असते. गरम पाण्यात पाचेक मिनिटांत ती फुगते, सालीखालचा पांढरा पापुद्रा स्पंजासारखा पाणी पितो आणि करडा पडतो, आणि मग त्यातून एक कडवटपणा उतरू लागतो, जो साखरेने जात नाही. नागपुरी संत्र्याच्या बाबतीत हे विशेषच घडते. त्याच्या रसात व बियांत लिमोनिन नावाचे कडू द्रव्य तयार होण्याची खोड आहे: ताजा रस गोड लागतो, पण तोच तापवला किंवा काही तास ठेवला की कडवट होत जातो. संत्र्याच्या रसाचा कारखाना काढणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. ज्यांच्या घरी संत्र्याचा रस सकाळी काढून दुपारी पिण्याची चूक एकदा तरी झाली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. चकत्यांमध्ये साल, पापुद्रा आणि काही ठिकाणी चिरलेली बीसुद्धा होती. ती दहा मिनिटे उकळणे म्हणजे कडवटपणाचा काढा करणे होय.

दुसऱ्या संध्याकाळी पेटीतलेच जिन्नस घेऊन कृती बदलली. पाणी उकळून गॅस बंद केला, पुरचुंडी चार मिनिटे झाकून ठेवली, चकती फक्त शोभेला शेवटी तरंगवली आणि रम थेट पेल्यात घेतली. फरक लक्षणीय होता. पुरचुंडीतला चहा तसा वाईट नाही, हे या वेळी कळले. पाने मोठी, वळलेली होती आणि काढा लालसर, स्वच्छ उतरला. मसाल्यात दालचिनी व चक्रफूल प्रमाणशीर आहेत, लवंग मात्र जास्त. एका पुरचुंडीत मी सात लवंगा मोजल्या. दोन पेल्यांना दोन पुरतात. सात लवंगांनी जिभेला बधिरपणा येतो, दाढदुखीवर लवंगेचा बोळा धरल्यासारखा, आणि मग रम कोणतीही घातली तरी सारखीच.

तरीही पेय बसत नव्हते, आणि त्याचे कारण पाक होता. बाटलीवरच्या घटकांच्या यादीत साखर पहिली, संत्र्याचा रस तिसरा आणि नंतर सायट्रिक आम्ल होते. आंबटपणा होता, पण टोकदार आणि एकसुरी, लहानपणीच्या संत्र्याच्या गोळीसारखा. पाचांतला चौथा-पाचवा घटक उत्तम असून दुसराच खोटा असेल तर ‘पंच’ चार पायांच्या खुर्चीचा एक पाय आखूड असल्यासारखा डुगडुगतो.

म्हणून तिसऱ्या संध्याकाळी पाक आणि चकत्या बाजूला ठेवल्या आणि बाजारातून संत्री आणली. आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा हिवाळ्यातला हंगाम, ऐन भरात होता. मी सवयीने मोठी, चकचकीत फळे निवडू लागलो तेव्हा गाडीवाल्याने हात धरला: ‘रसासाठी पायजे ना काका, त मंग हा बारका घ्या. मोठा निस्ता दिसाले असते.’ त्याचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. लहान, पातळ सालीच्या चार फळांतून भरपूर आंबटगोड रस निघाला. गोडासाठी साखरेऐवजी गूळ घेतला. त्यामागे माझे स्वतःचे एक तर्कट आहे. रम मळीपासून होते, म्हणजे उसाच्याच रसाच्या उरलेल्या भागापासून. गूळ त्याच घराण्यातला. शिवाय गूळ, सुंठ आणि लिंबू यांची चव आपल्या जिभेला रामनवमीच्या पानकापासून ओळखीची आहे, तिला नव्याने सवय लावावी लागत नाही.

एका पेल्याचे माझे प्रमाण असे ठरले: दुधाविना चहा 120 मिलिलिटर, संत्र्याचा ताजा रस 45, लिंबाचा रस 15, रम 45, आणि किसलेला गूळ दीड ते दोन चहाचे चमचे. गूळ चहात आधी विरघळवून गाळून घ्यावा, कारण त्यात बारीक कचरा असतो. बियांवर दाब न देता रस हाताने काढावा. रस आणि रम खोलीच्या, म्हणजे डिसेंबरात चांगल्याच थंड, तापमानाला असतात, म्हणून पेला कढत पाण्याने विसळून घ्यावा, नाहीतर पेय हातात येईपर्यंत कोमट होते. रम आणि गुळाचा चहा पेल्यात एकत्र करून, रस सर्वांत शेवटी. लिंबाचा रस पडताना जरूर पाहावे. तोवर गडद तांबडा असलेला चहा, रस जिथे पडतो तिथून क्षणात उजळत जातो आणि सगळा पेला मधाच्या रंगाचा होतो. आंबटपणामुळे चहातली रंगद्रव्ये फिकी होतात, त्याचा हा परिणाम.

मग सालीचा एक पातळ पट्टा, पांढरा पापुद्रा शक्यतो टाळून काढलेला, पेल्यावर धरून दुमडायचा. आपण सगळ्यांनीच लहानपणी भावंडांच्या डोळ्यांत संत्र्याची साल पिळली आहे. तोच तो बारीक फवारा, इथे पेयाच्या पृष्ठभागावर तेलाच्या नाजूक चकाकीसारखा पसरतो, आणि पेला तोंडाशी नेताना सर्वांत आधी त्याचा वास येतो. पेटीतल्या पूर्ण पुडीने जे साधले नाही ते या एका पट्ट्याने साधले. वाळवताना नेमके हेच तेल उडून जाते. चकती रंग टिकवते, सुगंध टिकवू शकत नाही. हा दोष विक्रेत्याच्या सचोटीचा नाही, त्या कल्पनेचाच आहे: पाचांतला आंबट घटक पुडीत भरून टपालाने पाठवता येत नाही.

या प्रमाणात पेयाची तीव्रता साधारण साडेआठ टक्के येते, म्हणजे स्ट्राँग बिअरच्या थोडी वर. गोड आणि गरम असल्याने ती जाणवत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. पत्रकातले ‘शरीरात उष्णता निर्माण करते’ हे वाक्य तर सरळ चूक आहे. अल्कोहोलने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ऊब वाटते, पण शरीराची उष्णता उलट बाहेर जाते. गच्चीवर शेकोटीपाशी पेला घेऊन बसायचे असेल तर शाल उतरवू नये. सर्दीवरचे औषध म्हणूनही कोणी याच्याकडे पाहू नये. त्यात जे काही बरे वाटते ते वाफेने, मधाने किंवा गुळाने वाटते.

आई मद्य घेत नाही. तिच्यासाठी हेच सगळे रमशिवाय केले, चहा उतरताना त्यात गवती चहाची दोन पाती आणि सुंठेची चिमूट वाढवली. तिने पेला संपवून ‘पानक गरम केलंस की’ एवढाच शेरा दिला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितले.

आता 749 रुपयांचा प्रश्न. सहा पुरचुंड्यांतून दोन-दोन प्रमाणे बारा पेले होतात असे धरले तर पेल्याला साधारण 62 रुपये पडतात, रम वेगळी. त्यातला वापरण्याजोगा भाग म्हणजे चहा आणि मसाला. निलगिरीचा किंवा दार्जिलिंगचा ऑर्थोडॉक्स, म्हणजे मोठ्या वळलेल्या पानाचा चहा, दालचिनीचा तुकडा आणि दोन लवंगा यांत ते काम घरी निम्म्याहून कमी खर्चात होते. बारीक दाण्याचा सीटीसी चहा मात्र घेऊ नये. तो दुधासाठीच जन्माला आला आहे. भेट देण्यासाठी पेटी सुबक आहे, आणि जिथे ताजी संत्री मिळत नाहीत अशा परदेशी राहणाऱ्या नातलगांना ती आवडेलही, पण अशा ठिकाणी निदान लिंबू तरी मिळतेच, ते वापरा आणि पाकाची बाटली फोडू नका, असे मी त्यांना सोबत कळवीन. विक्रेत्याला मी लवंगा कमी करण्याचे आणि ‘रम उकळू नये’ असे छापण्याचे सुचवले आहे. पहिल्या सूचनेला होकार आला, दुसरीवर अजून उत्तर नाही.

उरलेल्या पुरचुंड्या मी फेब्रुवारीसाठी राखून ठेवल्या आहेत. तेव्हा मृग बहाराची संत्री येऊ लागतील; ती अधिक गोड असतात, त्यामुळे गूळ एक चमचा पुरेल आणि लिंबू मात्र 20 मिलिलिटरपर्यंत वाढवावे लागेल.