सकाळचा पहिला सेल्फ अडतो: आधी मल्टीमीटर की आधी स्कॅनर?

दुपारी गाडी एका सेल्फला उठते. सकाळीही बहुतेक वेळा उठतेच. मग एखाद्या गारठ्याच्या पहाटे नुसती कुरकुरते, तिसऱ्या सेल्फला कशीबशी चालू होते, आणि गॅरेजला पोचेपर्यंत इतकी शहाणी होते की मेकॅनिक आपल्याकडेच संशयाने बघतो. असलं दुखणं रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, घरीच शोधावं लागतं. त्यासाठी हाताशी दोन गोष्टी असतात: साधा डिजिटल मल्टीमीटर, किंवा ओबीडी पोर्टला (गाडीचं निदान करायला दिलेल्या सॉकेटला) लावायचा, मोबाइलच्या अॅपवर आकडे दाखवणारा ब्लूटूथ स्कॅनर, म्हणजे आपला डोंगल. किमतीत फारसा फरक नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत.

डोंगलची बाजू आधी, कारण ती भक्कम आहे. २०१३ पासून आपल्याकडच्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत तो सहसा चालतो. पण त्यात बिघाडाचे कोड शोधत बसू नका. कधीतरीच होणारा बिघाड बऱ्याचदा कोड टाकतच नाही, आणि ‘नो फॉल्ट’ वाचून आपण उगाच निर्धास्त होतो. खरा उपयोग लाइव्ह डेटाचा, म्हणजे सेन्सर त्या क्षणी दाखवतात त्या आकड्यांचा. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखंच दिसायला हवं. हवा १२ अंश आणि कूलंट ४० दाखवत असेल, तर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, इंजिन कोमट वाटतं आणि थंडीत द्यायचं जादा पेट्रोल तो देत नाही. हे ४० म्हणजे अशक्य आकडा नव्हे, म्हणून डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा लाइट लागेलच असंही नाही. मल्टीमीटरने सेन्सरचा रेझिस्टन्स मोजता येतो, पण कुठल्या तापमानाला किती रेझिस्टन्स हवा, हा त्या सेन्सरचा तक्ता कुठून आणणार? इथे डोंगलला तोड नाही.

माझं मन फिरलं ते मात्र वेगळ्याच कटकटीने. डोंगलला ईसीयूशी बोलायचं तर चावी ऑन करावी लागते. चावी ऑन केली की पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि लाइनमध्ये प्रेशर भरतो. आता समजा दुखणं हेच असेल, की पंपाचा चेक व्हॉल्व्ह (लाइनमधलं पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) गळतोय आणि रात्रीत प्रेशर उतरतंय. अॅप जोडेपर्यंत आपण ते प्रेशर भरून मोकळे! त्यात पहिल्या झटक्यात कनेक्ट झालं नाही की माणूस चावी बंद-चालू करतो, म्हणजे पंप पुन्हा भरतो. मग गाडी मख्खपणे चालू होते. बरं, बाकी सगळं जमून आलं, तरी सेल्फ मारताना व्होल्टेज खाली गेलं की डोंगलची लाइन तुटते आणि ग्राफ नेमका तिथेच कोरा राहतो. अशी संधी दिवसातून एकदाच मिळते, दुसऱ्या प्रयत्नासाठी दुसरी सकाळ. कदाचित महागडे डोंगल हे नीट सांभाळत असतील. माझा सांभाळत नाही.

मल्टीमीटरला चावीशी देणंघेणं नाही. बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली, आणि सेल्फ मारताना ९.६ च्या बरंच खाली गेली तर बॅटरीवर संशय, हे आकडे बहुतेकांना पाठ असतात. लोक करत नाहीत ती चाचणी अर्थची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी-इंजिनपर्यंतच्या जोडणीची. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खांबावर), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ. ०.२ च्या आसपास ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ केबल बघा. माझ्या गाडीत गारठ्याच्या सकाळी हा आकडा एकच्या वर जायचा आणि दुपारी निम्म्यावर यायचा. कारण सरळ आहे. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फ जास्त करंट ओढतो, आणि त्याच गंजलेल्या जोडावर जास्त व्होल्टेज वाया जातं. बॉडीला कसलेला केबलचा टोक खोलला, पॉलिश पेपरने खालचा पत्रा चकचकीत केला, व्हॅसलीन लावून परत कसला. त्यानंतर तो हिवाळा निभावला. आपल्याकडे थंडी ती केवढी, निफाडचा पारा चार-पाचवर आला की बातमी होते. पण लपलेला गंज उघडा पाडायला तेवढी पुरते.

मल्टीमीटरचे तोटेही आहेत. स्वस्त मीटरचा डिस्प्ले संथ, पहिला झटका त्याला दिसत नाही, म्हणून मिन-मॅक्सचं (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारं) बटण असलेला घ्या. एकट्याने करायचं तर मगरचिमटे आणि लांब वायर लागते. गाडी न्यूट्रलला, वायरी पंख्यापासून दूर, आणि मोबाइलवर डिस्प्लेचा व्हिडिओ. लाल वायर चुकूनही १० अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीला लावू नका. फ्युएल प्रेशर गेज हा तिसरा मार्गही आहे, पण दाबाखालचं पेट्रोल घरच्या पार्किंगमध्ये उघडणं मला पटत नाही. ते गॅरेजवाल्यालाच करू द्या.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, असंच दरवेळी होत असेल तर तुम्हाला डोंगल जास्त उपयोगी पडेल. विशेषतः सीएनजी गाडीला, कारण ती थंड असताना सहसा पेट्रोलवरच उठते, आणि टाकीत पेट्रोल मात्र आपण रिझर्व्हलाच ठेवतो. तरी ‘जोरात फिरतो’ हा कानाचा अंदाज असतो, म्हणून मी अशा वेळीही आधी दोन मिनिटं मल्टीमीटर लावतो. प्रेशरची शंका असेल तर उपकरणाशिवायच कळतं: एका सकाळी थेट सेल्फ मारा, दुसऱ्या सकाळी चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग मारा, आणि फरक बघा.

डोंगल घेतलात तर काम झाल्यावर काढून ठेवा. चावी बंद असतानाही त्या पोर्टला बॅटरीचा पुरवठा चालू असतो, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर तो थोडी थोडी बॅटरी खात बसतो.