अश्वगंधा, ब्राह्मी, काशाची वाटी की भ्रामरी? रंगमंचावरच्या ताणासाठी काय निवडावं

कलाकाराचा ताण एका जातीचा नसतो. एन्ट्रीआधी विंगेत होणारी धडधड वेगळी, प्रयोग संपवून शेवटची लोकल गाठल्यावर दोन वाजेपर्यंत टक्क उघडे राहणारे डोळे वेगळे आणि तारखाच हातात नसताना महिनोन्‌महिने पोखरणारी काळजी वेगळी. औषध आधी ठरवून ताण त्यात बसवायला गेलं की पैसे वाया जातात.

धडधडीवर काष्ठौषधी, म्हणजे झाडपाल्याचं औषध, कामाची नाही. अश्वगंधेची गोळी घेऊन वीस मिनिटांत हात थरथरायचे थांबत नाहीत. तिथे भ्रामरीच, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा प्राणायाम. चार अंक मोजत नाकाने श्वास आत, आठ अंक गुणगुणत बाहेर, अशी दहा आवर्तनं. दोन-अडीच मिनिटांचं काम. चूक होते ती जोरजोरात, भराभर श्वास घेण्यात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि घाबरगुंडी वाढते. भर बाहेर सोडण्यावर हवा. गायकांचा गळाही यात तापतो, तो फायदा वेगळाच.

प्रयोगानंतर झोप येत नसेल तर पहिला संशय मध्यंतरातल्या कटिंगवर घ्या. चहातलं कॅफीन पाच तासांनीही निम्मं अंगात असतं. त्यानंतर काशाची वाटी. प्रत्येक तळपायाला अर्धा चमचा तूप किंवा तिळाचं तेल लावून सात-आठ मिनिटं वाटी गोल फिरवायची. तळवा काळा पडतो तेव्हा ‘उष्णता निघाली’ असं सांगतात. प्रत्यक्षात काशातलं तांबं स्निग्धांश आणि घामाशी मिळून तो काळपटपणा येतो. आराम खरा आहे, पण तो चोळण्याचा. नंतर पाय साबणाने धुवा, नाहीतर मोरीच्या फरशीवर घसराल. जायफळ उगाळून घ्यायचं तर चिमूटभरच. चमचाभर पोटात गेलं तर काही तासांनी धडधड, मळमळ, भासही होतात आणि दुसऱ्या दिवशीची तालीम बुडते.

लांबलेल्या काळजीसाठी मात्र खरी निवड अश्वगंधा की ब्राह्मी अशी आहे. अश्वगंधेला ताण आणि झोपेसाठी अभ्यासांचा त्यातल्या त्यात बरा आधार आहे, पण परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे जातात. मुळाचं चूर्ण रात्री जेवणानंतर कोमट दुधातून, पाऊण ग्रॅमपासून सुरू करून तीन ग्रॅमपर्यंत. अर्काची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल म्हणजे अर्धा ग्रॅम चूर्ण नव्हे, ती कितीतरी तीव्र असते; डब्यावर ‘मूळ’ लिहिलंय ना, तेही बघा. काहींना पेंग येते, म्हणून पहिला डोस प्रयोगाच्या दिवशी नको. गरोदरपणात, थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना स्वतःच्या मनाने घेऊ नका. क्वचित यकृताला त्रास होतो: डोळे पिवळे, लघवी गडद दिसली की तिथेच बंद आणि डॉक्टरकडे.

ब्राह्मी पाठांतराची घाई असलेल्या नटांना आवडते. स्मरणशक्तीवर तिचा थोडाफार परिणाम दिसलाय, पण बाराएक आठवड्यांनी. पुढच्या रविवारी प्रयोग असेल तर तिच्यावर विसंबू नका. रिकाम्या पोटी घेतली तर पोटात मुरडा, पातळ शौच. शिवाय बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वनस्पती मिळतात. गोल, कातरलेल्या कडेचं पान ती मंडूकपर्णी. लहान, मांसल, लांबट पान ती नीरब्राह्मी. स्मरणशक्तीवरचे बहुतेक अभ्यास दुसरीवर झालेत.

चूर्ण पन्नास ग्रॅमच आणा, काचेच्या बरणीत ठेवा, चमचा कोरडा. मुंबईच्या पावसाळ्यात गठ्ठे धरले, कुबट वास आला की सरळ फेकायचं. आणि ज्येष्ठमध गळ्यासाठी दिवसभर चघळत असाल तर रक्तदाब मोजून घ्या, तो चढतो. आधीच गोळ्या चालू असतील तर वरळीच्या पोदार आयुर्वेद रुग्णालयाच्या ओपीडीत त्या पट्ट्यांसकट जाऊन विचारा.